आरतीच्या वेळी वायफाय का गुदमरतं?

एरवी आमच्या गुहागरकडच्या घरात वायफायवर आईचा फोन, बाबांचा फोन आणि टीव्ही एवढाच पसारा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाकरमानी उतरले की हाच आकडा तीसच्या वर जातो. गेल्या वर्षी संध्याकाळच्या आरतीला दुबईतल्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. टाळ-झांजा सुरू झाल्या आणि चित्र गोठलं. त्याला गणपतीचा अर्धा मुकुट दिसत राहिला, बाकी काही नाही.

सगळ्यांनी नेटच्या लाइनला दोष दिला. मी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहिला, तर नेट छान चालू होतं. म्हणजे अडचण तारेत नव्हती, हवेत होती. मग लॅपटॉप वायफायवर घेऊन वायरशार्क उघडलं. नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, उघडून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर. पडद्यावर एकच पत्ता भराभर उतरत होता: २२४.०.०.२५१.

हा पत्ता कुठल्या एका यंत्राचा नाही. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते गटांसाठी राखलेले आहेत. एकदा पाठवायचं आणि गटातल्या सगळ्यांनी ऐकायचं, याला मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली त्याचे नियम लिहून काढले. २२४.०.०.२५१ वर फोन आणि लॅपटॉप एकसारखे विचारत असतात, ‘इथे टीव्ही आहे का? प्रिंटर आहे का?’ आमच्याकडे तीस फोन हेच विचारत होते, आणि त्यांतल्या कुणालाही प्रिंटर नको होता.

तारेवर मल्टिकास्ट फार स्वस्त पडतं. हवेत मात्र हिशोब उलटा होतो, आणि तो समजायला दवंडी आठवावी. पोस्टमन ज्याचं पत्र त्याच्या हातात देतो. घर बंद असेल तर पुन्हा येतो. वायफायवरचं साधं पॅकेट असंच जातं: फोन ‘मिळालं’ अशी पोच देतो, पोच आली नाही तर राउटर पुन्हा पाठवतो, आणि प्रत्येक फोनला झेपेल तितक्या वेगाने बोलतो. दवंडीवाल्याला पोच कुणीच देत नाही. वाडीच्या शेवटच्या घरातल्या म्हातारीलाही कळावं म्हणून त्याला शब्द ताणत, सावकाश बोलावं लागतं. राउटरही मल्टिकास्ट पॅकेट सहसा सगळ्यांत संथ दराने सोडतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हा दर बऱ्याचदा सेकंदाला १ मेगाबिट असतो. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकातला हा दर आजही चालत आला आहे. ५ गिगाहर्ट्‌झवर तो साधारण ६ मेगाबिट असतो.

३०० बाइटचं छोटंसं पॅकेट १ मेगाबिटने पाठवायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. तेच १५० मेगाबिटने गेलं तर ०.०१६ मिलिसेकंद. सेकंदाला अशी शंभर पॅकेट आली तर हवेतला जवळपास पाव वेळ त्यांतच जातो, आणि एक राउटर बोलत असताना त्या चॅनेलवर बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. एकाचं बोलणं सगळ्यांचा वेळ खातं. वायफायबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

शिवाय झोपेचा प्रश्न आहे. बॅटरी वाचवायला फोन डुलक्या घेतात. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी हजेरीचा संकेत सोडतो. एक जरी फोन झोपलेला असला तरी मल्टिकास्ट ठरावीक संकेतापर्यंत अडवून ठेवलं जातं आणि मग एकगठ्ठा सोडलं जातं. त्या गठ्ठ्यासाठी झोपलेल्या सगळ्यांना उठावं लागतं, बॅटरी उतरते.

यावरचा एक उपाय ऐकायला विचित्र वाटतो: दवंडी बंद करा, घरोघरी जा. अनेक राउटर मल्टिकास्टचं रूपांतर एकेकाच्या पॅकेटमध्ये करू शकतात. समजा ४ मेगाबिटचा व्हिडिओ तीन टीव्हींना द्यायचा आहे. ६ मेगाबिटच्या दवंडीत हवेतला दोन-तृतीयांश वेळ जाईल. तोच तिघांना वेगवेगळा, १५० मेगाबिटने दिला तर आठ टक्के. वरखर्च सोडला तर पंचविसाव्या श्रोत्याला दोन्ही हिशोब सारखे होतात. त्यापुढे मात्र दवंडीच बरी. देवळाच्या आवारात शंभर जण एकच दशावतार फोनवर पाहत असतील तर घरोघरी जाणं परवडणार नाही. अशा गर्दीसाठी २०१२ च्या ८०२.११एए या वायफाय मानकात गटाला पाठवलेलं पुन्हा पाठवण्याची आणि ठरावीक जणांकडून पोच घेण्याची सोय केली आहे.

राउटरमधली ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ही सोयही कामाची आहे. कोण कुठल्या गटात आहे हे राउटर कान देऊन ऐकतो आणि कुणी ऐकणारंच नसेल तर त्या गटाचं मल्टिकास्ट हवेत सोडत नाही. पण २२४.०.०.२५१ सारखे स्थानिक पत्ते सहसा त्यातून सुटतात. आमचा गोंधळ नेमका त्याच पत्त्यावर होता.

म्हणून यंदा पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं आणि त्यातल्या फोनांना एकमेकांशी बोलायची बंदी घातली. फोन विचारतात, पण राउटर ते पुढे ओरडत नाही. भाचरांना फोटो टीव्हीवर दाखवायचे होते म्हणून एकच फोन मुख्य नेटवर्कवर घेतला. दवंडीचा वेग १ वरून १२ मेगाबिटवर नेला, तर खळ्यात बसलेल्या काकांचा फोन तुटला. राउटर माजघरात, मध्ये जांभ्याच्या दोन जाड भिंती. वेगाने बोललेलं तिथवर ऐकूच जात नव्हतं. शेवटी गवंड्याकडून भिंतीला भोक पाडून घेतलं, केबल ओढली आणि दुसरा राउटर ओटीवर ठेवला. आता १२ मेगाबिटची दवंडी खळ्यात काकांना ऐकू येते, आणि दुबईत भावाला पूर्ण मुकुट दिसतो.