शाळेला सनद आहे, शिक्षकाला आहे का? चार्टर स्कूलमधल्या टीचर लायसनची पार्श्वभूमी

अमेरिकेत मुलांच्या शाळांचा विषय निघाला की आपल्या मराठी आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "चार्टरमधे टीचरला लायसन लागत नाही म्हणे." कुणी काळजीने म्हणतं, कुणी कौतुकाने म्हणतं. मी कॅलिफोर्नियात राहते, ओळखीतल्या दोघीतिघी चार्टरमधे शिकवतात, त्यामुळे हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा सगळा इतिहास नीट लिहून काढावा असं वाटलं. कारण हे वाक्य ॲरिझोनात खरं आहे, मिनेसोटात कधीच खरं नव्हतं, आणि कॅलिफोर्नियात एकेकाळी खरं होतं, मग अर्धं खरं राहिलं, आणि आता तर नाहीच.

आधी चार्टर म्हंजे काय ते. आपल्या मराठीत याला फार चांगला शब्द आहे, सनद. शाळेत आपण १८१३ चा सनदी कायदा पाठ केलेला असतो, ईस्ट इंडिया कंपनीला पार्लमेंटने दिलेली सनद, ती तिच्या मुदतीपुरती, मग पुन्हा नवीन. चार्टर स्कूलचं अगदी तेच आहे. सरकारी पैसा, फी नाही, प्रवेश सगळ्यांना खुला, पण चालवणारं मंडळ वेगळं आणि त्याला ठरावीक वर्षांची सनद, बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांची. राज्याच्या शाळाविषयक अनेक नियमांतून सूट मिळते आणि त्याबदल्यात मुलं शिकली की नाही याची जबाबदारी अंगावर येते, नाही जमलं तर सनद जाते. आणि गंमत बघा, वकिलाच्या लायसनलाही आपण सनदच म्हणतो. म्हणजे प्रश्न एवढाच आहे की शाळेला सनद मिळाली म्हणून शिक्षकाची सनद माफ करायची का?

शिक्षकाची सनद ही भानगड शाळेच्या सनदेपेक्षा खूप जुनी. पेनसिल्व्हेनियाने १८३४ मधे शिक्षकांसाठी लिहिणं, वाचणं आणि अंकगणिताची परीक्षा ठेवली. १८३९ मधे शिक्षण सुधारक होरेस मॅनच्या प्रयत्नांतून मॅसॅच्युसेट्सच्या लेक्सिंग्टन गावात अमेरिकेतलं पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल, म्हंजे अध्यापक विद्यालय, उघडलं. परीक्षा आधी गावपातळीवर, काउंटीपातळीवर व्हायच्या, पुढे हळूहळू राज्यांनी हा अधिकार स्वतःकडे घेतला आणि विसाव्या शतकात परीक्षेच्या जागी डिग्री, ट्रेनिंगचे कोर्स, प्रॅक्टिस टीचिंग असं सगळं आलं. शब्दही प्रत्येक राज्याने आपापला धरला, मिनेसोटात लायसन, न्यू जर्सी न्यू यॉर्कमधे सर्टिफिकेट, आमच्या कॅलिफोर्नियात क्रेडेन्शियल. त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्यात गेलेली आपली मंडळी पहिल्यांदा शब्दालाच अडखळतात.

आता एक गोष्ट लोक विसरतात, लायसन सैल करायची सुरुवात चार्टरने केलेली नाही. १९८३ चा 'अ नेशन ॲट रिस्क' हा अहवाल आला, अमेरिकन शाळा घसरल्यात म्हणून देशभर आरडाओरड झाली, आणि लगेच १९८४ मधे न्यू जर्सीत गव्हर्नर टॉम कीन यांच्या काळात 'आल्टर्नेट रूट' आला. ज्याच्याकडे विषयाची डिग्री आहे त्याने आधी वर्गात उभं राहायचं आणि शिकवता शिकवता ट्रेनिंग पूर्ण करायचं. १९९० मधे टीच फॉर अमेरिका सुरू झालं, नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांच्या ट्रेनिंगवर गरीब वस्त्यांतल्या शाळांत. म्हणजे चार्टरचा पहिला कायदा व्हायच्या आधीच "बी.एड.सारखी अट खरंच लागते का" हा वाद पेटलेला होता, चार्टरला तो आयता मिळाला.

आणि चार्टरची मूळ कल्पना कुणाची होती हे कळलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. मॅसॅच्युसेट्सचे प्राध्यापक रे बडी यांनी सत्तरच्या दशकात ती मांडली, शिक्षकांच्या गटाला थेट स्कूल बोर्डाने सनद द्यावी अशी. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पण ३१ मार्च १९८८ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधे ती कल्पना देशापुढे आणली ती अल्बर्ट शँकर यांनी, आणि शँकर म्हंजे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक युनियनचे अध्यक्ष! १९८७ मधे ते जर्मनीत कोलोनची एक शाळा बघून आले होते, तिथे शिक्षकांची टीम त्याच मुलांना वर्षानुवर्षं सोबत घेऊन जायची, काय कसं शिकवायचं ते स्वतः ठरवायची. शँकरच्या डोक्यात चार्टर म्हंजे अनुभवी, प्रशिक्षित शिक्षकांना दिलेली मोकळीक. शिक्षकाला सूट द्यायची ती वरच्या साहेबी नियमांतून, शिक्षकाच्या शिक्षणातून नव्हे. आजचा सगळा वाद ऐकताना हे डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमधे शँकर मिनेसोटात एका परिषदेला गेले, श्रोत्यांत राज्याच्या सेनेटर एम्बर रायकगॉट जंग होत्या, त्यांनी विषय उचलून धरला आणि १९९१ मधे मिनेसोटाने देशातला पहिला चार्टर कायदा केला. सुरुवातीला फक्त आठ शाळांना परवानगी. १९९२ मधे सेंट पॉलमधे सिटी अकॅडमी सुरू झाली, शाळा सोडलेल्या मुलांसाठी. त्या पहिल्या कायद्यात शिक्षकांकडे राज्याचं लायसन हवं ही अट होती, एवढंच नाही तर शाळेच्या बोर्डावर बहुमत शिक्षकांचं हवं अशीही होती. पहिली सनद ही अशी होती, लायसनवाल्या शिक्षकांच्याच हातात दिलेली.

मग वारं फिरलं. चार्टरच्या गाडीत दुसरेही लोक चढले, त्यांचं म्हणणं की शाळांमधे स्पर्धा हवी, प्रिन्सिपलला वाटेल त्याला घ्यायची मुभा हवी, इंजिनियर निवृत्त होऊन गणित शिकवायला आला तर त्याला दोन वर्षं कॉलेजात कशाला पाठवता. १९९२ ला कॅलिफोर्नियाने दुसरा कायदा केला, त्यात चार्टरच्या शिक्षकाला क्रेडेन्शियलची अटच नव्हती. १९९४ ला ॲरिझोनाने तर पूर्ण दार उघडलं, लायसन नको, फक्त बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासलेलं कार्ड हवं. टेक्सासने १९९५ मधे कायदा केला आणि तिथे कित्येक वर्षं चार्टरमधे शिकवायला हायस्कूल पास एवढीच किमान अट होती, बॅचलर्स डिग्री सक्तीची झाली ती २०१३ च्या कायद्याने. हे वाचून मला खूप वाईट वाटलं, कारण टेक्सासच्या चार्टरमधे गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्या घरची मुलं किती असतात! निदान स्पेशल एज्युकेशन आणि द्विभाषिक वर्गांसाठी तिथे सर्टिफिकेट लागतं.

शँकरना हे सगळं बघून चार्टरबद्दल विश्वास उरला नाही, त्यांनी उघड टीका केली, आणि १९९७ मधे ते गेले.

मधल्या वाटेची राज्यंही झाली. पेनसिल्व्हेनियाने १९९७ मधे म्हटलं, निदान ७५ टक्के शिक्षक सर्टिफाइड हवेत. न्यू यॉर्कने १९९८ मधे उलट्या बाजूने मोजलं, बिनसर्टिफिकेटचे जास्तीत जास्त ३० टक्के किंवा पाच जण, यातलं जे कमी असेल ते, पुढे ही मर्यादा वाढवली. मॅसॅच्युसेट्समधे लायसन नको पण राज्याची एम.टी.ई.एल. परीक्षा नोकरीच्या पहिल्या वर्षात पास व्हायची. फ्लोरिडा आणि न्यू जर्सीत सर्टिफिकेट लागतंच. न्यू जर्सीतल्या मराठी आयांनो, तुमच्याकडे ते वाक्य लागू नाही.

केंद्र सरकार यात उतरलं ते ८ जानेवारी २००२ ला, जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'वर सही केली तेव्हा. मुख्य विषयांचा प्रत्येक शिक्षक 'हायली क्वालिफाइड' हवा, म्हंजे बॅचलर्स डिग्री, राज्याचं पूर्ण सर्टिफिकेट, आणि विषय येतो याचा पुरावा. पण चार्टरसाठी त्यात खिडकी ठेवली, सर्टिफिकेटबाबत राज्याचा चार्टर कायदा म्हणेल ते चालेल. डिग्री आणि विषयज्ञान मात्र चार्टरलाही लागू. बरेच लोक याचा अर्थ चार्टरला सगळंच माफ असा घेतात तो चुकीचा होता. पुढे १० डिसेंबर २०१५ ला ओबामांनी 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट'वर सही केली आणि 'हायली क्वालिफाइड' ही अटच गेली, पात्रता ठरवायचं सगळं पुन्हा राज्यांकडे.

न्यू ऑर्लिन्सचं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तिथल्या बहुतेक शाळा राज्याने ताब्यात घेतल्या, सात हजारांहून जास्त शाळा कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, त्यात शहरातल्या शाळांत वर्षानुवर्षं शिकवलेल्या कृष्णवर्णीय शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. शाळा एकेक करून चार्टर झाल्या आणि वर्गात बाहेरून आलेले, तरुण, कमी अनुभवाचे शिक्षक खूप दिसायला लागले. परीक्षांचे निकाल सुधारले हे मान्य करायला हवं, ते नाकारून चालणार नाही. पण ज्या बाईने त्याच गल्लीतल्या मुलाच्या आईलाही शिकवलंय तिचं सर्टिफिकेट अनुभवासकट एका वर्षात बिनकामाचं ठरतं, हे मला कुठल्याच निकालाने पटत नाही.

आता आमचं कॅलिफोर्निया, इथे सगळ्यात जास्त उलटापालट झाली. १९९२ च्या कायद्यात शंभर शाळांची मर्यादा होती. १९९८ मधे ती उठवायला रीड हेस्टिंग्ज (तेच, नेटफ्लिक्सवाले) आणि सान कार्लोसच्या सरकारी शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) डॉन शाल्वी यांनी थेट मतदारांपुढे प्रस्ताव न्यायची तयारी केली, ढीगभर सह्या गोळा केल्या, तेव्हा विधिमंडळाने तडजोड केली. मर्यादा वाढवून देतो पण शिक्षकांना क्रेडेन्शियल हवं. यातूनच एबी (असेंब्ली बिल) ५४४ हा कायदा आला. इंग्लिश, गणित, सायन्स, समाजशास्त्र अशा कोअर आणि कॉलेजच्या तयारीच्या विषयांना क्रेडेन्शियल लागणार, बाकी विषयांत लवचिकता. आता कोअर म्हंजे नक्की काय याची काटेकोर व्याख्या नव्हती, ते बरचसं शाळेवर सोडलेलं, त्यामुळे चित्रकला, नाच, संगीत, पीटी, कॉम्प्युटर, रोबोटिक्स असं सगळं दोन दशकं बिनक्रेडेन्शियल चाललं. त्यात अप्रतिम कलाकार शिक्षक मिळाले हेही खरं.

२०१९ ला जानेवारीत लॉस एंजेलिसच्या शिक्षकांचा संप झाला, फेब्रुवारीत ओकलंडचा, दोन्हीकडे चार्टरची वाढ थांबवा ही मागणी होती. ऑक्टोबरमधे गव्हर्नर न्यूसम यांनी एबी १५०५ वर सही केली. १ जुलै २०२० पासून चार्टरमधल्या प्रत्येक शिक्षकाकडे, तो काय शिकवतो त्याप्रमाणे, डिस्ट्रिक्टच्या, म्हंजे नेहमीच्या सरकारी, शाळेत लागतं तेच क्रेडेन्शियल हवं. २०१९-२० मधे जे आधीच नॉन-कोअर शिकवत होते त्यांना २०२५ च्या १ जुलैपर्यंत मुदत, पण ठसे देऊन राज्याचं क्लिअरन्स मात्र २०२० पर्यंतच घ्यायचं.

माझी एक मैत्रीण या पाच वर्षांतून गेली. दिवसा शाळा, संध्याकाळी ऑनलाइन क्लास, घरी लहान मुलगा. ती चिडायची, म्हणायची दहा वर्षं शिकवतेय आता मला शिकवायला शिकवणार का, आणि तिचं म्हणणं मला कळायचं. तरी मी कायद्याच्या बाजूने आहे. लायसन असलं म्हणून कुणी चांगला शिक्षक होत नाही, पण लायसन असलं की राज्याकडे त्या माणसाची नोंद असते, गैरवर्तन केलं तर ते काढून घेता येतं, मग तो माणूस गुपचूप दुसऱ्या शाळेत जाऊन उभा राहू शकत नाही. शिवाय कारागिरांना दार बंद नाहीये, सुतारकाम, वेल्डिंग, स्वयंपाक अशा व्यावसायिक विषयांच्या क्रेडेन्शियलला हायस्कूल डिप्लोमा आणि त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव चालतो, कॉलेजची डिग्री लागत नाही.

न्यू यॉर्कमधे याच सुमारास उलटा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०१७ मधे तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या (तिथे तीही शाळांना सनद देते) चार्टर समितीने ठरवलं की तिच्या अखत्यारीतल्या चार्टर शाळांना आपल्या शिक्षकांना स्वतःच सर्टिफिकेट देता येईल, १६० तास शिकणं आणि ४० तास वर्गातला सराव, बस. शिक्षक युनियन आणि खुद्द राज्याचं शिक्षण खातं कोर्टात गेलं. जून २०१८ मधे कोर्टाने नियम रद्द केले, २०१९ मधे वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं. शाळेनेच आपल्या शिक्षकाला सनद द्यायची ही वाट तिथे बंद झाली.

भारतातून बी.एड. करून आलेल्यांसाठी एक सांगते, कारण मला हे नेहमी विचारतात. चार्टर म्हणजे सोपी एंट्री असं कुणी सांगत असेल तर ते कॅलिफोर्नियात २०२० च्या आधीचं ज्ञान आहे. आता डिस्ट्रिक्ट असो की चार्टर, आधी मार्कशीट आणि डिग्री राज्याने मान्य केलेल्या एजन्सीकडून तपासून घ्यायच्या, मग कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंगकडे अर्ज. आणि पालकांसाठी, याच कमिशनच्या साइटवर शिक्षकाचं नाव टाकलं की कुठलं क्रेडेन्शियल आहे, कधीपर्यंत आहे आणि त्यावर काय काय शिकवायची परवानगी आहे ते कुणालाही फुकट बघता येतं.