बोल्टचा ताण आणि तेलाचा थर

इंजिनाच्या हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग असते. पान्याने फिरवताना तो आट्यांच्या उतारावरून पुढे सरकू पाहतो, पण डोके टेकलेले असल्यामुळे त्याच्या दांड्याला लांब होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या या ओढीमुळेच हेड, खालचा सिलिंडरांचा ब्लॉक आणि दोघांमधले गळती रोखणारे गॅस्केट एकमेकांवर घट्ट दाबले जातात. 10 मिलिमीटर व्यासाचा, डोक्यावर 10.9 असा आकडा असलेला बोल्ट नीट आवळला, तर त्याच्या 100 मिलिमीटर लांबीत जेमतेम 0.3 मिलिमीटर वाढ होते, पण तेवढ्यातून सुमारे साडेतीन टन वजनाइतका दाब मिळतो. त्या आकड्यातील 10 म्हणजे तुटेपर्यंत सोसण्याची ताकद 1,000 मेगापास्कल (ताणाचे एकक), आणि .9 म्हणजे तिच्या नऊ-दशांशावर पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते.

अडचण अशी, की गॅरेजमध्ये हा ताण थेट मोजता येत नाही. टॉर्क रेंच हा मोजणारा पाना मोजतो तो पीळ, म्हणजे टॉर्क, आणि त्यातला सुमारे निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात, तर 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात खर्च होतो; बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला, तर रेंचवरचा आकडा तोच राहूनही ताण सुमारे एक-तृतीयांशाने वाढू शकतो. गंजलेल्या आट्यांवर नेमके उलटे घडते: हाताला घट्ट लागणारा बोल्ट प्रत्यक्षात ढिला असतो. म्हणून ‘तेल लावून आवळा’ किंवा ‘कोरडा आवळा’ ही सूचना टॉर्कच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

या अनिश्चिततेवर उपाय म्हणून अनेक आधुनिक इंजिनांत हेडचे बोल्ट आधी थोड्या टॉर्कने बसवतात आणि मग ठरावीक कोनात, उदाहरणार्थ 90 अंश आणि पुन्हा 90 अंश, फिरवतात. आट्यांमधले अंतर ठाऊक असल्यामुळे कोनावरून बोल्ट किती ताणला जाईल हे घर्षणावर फारसे अवलंबून न राहता ठरते. असे बोल्ट बहुधा मुद्दामच कायमचे ताणले जाण्याच्या सीमेपलीकडे नेलेले असतात, आणि निर्मात्याने बदलायला सांगितले असेल तर ते पुन्हा वापरू नयेत.

पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बोल्टबाबत तर ढिलाई जास्त घातक ठरते. मिनिटाला 6,000 फेऱ्या होत असताना पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन थांबतो आणि खाली ओढला जातो. आवळण्याचा ताण या ओढीपेक्षा जास्त असेल, तर बोल्टला त्या चढउतारातला थोडाच भाग जाणवतो. कमी असेल, तर प्रत्येक फेरीचा झटका त्याच्यावर येतो आणि धातू थकून तुटतो.

बोल्टला जागेवर धरून ठेवणारे घर्षण फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमध्ये मात्र नकोसे असते, आणि तिथे तेलाचे काम सुरू होते. ते काम कसे चालते, हे 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये अभियंता बोशां टॉवर यांच्या हाती जवळजवळ अपघातानेच लागले. बेअरिंगच्या वरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले, म्हणून त्यांनी ते आधी बुचाने आणि मग लाकडी खुंटीने बंद केले, तर दोन्ही बाहेर ढकलली गेली. फिरणारा दांडाच तेलाला आत ओढून इतका दाब निर्माण करत होता, की तो तेलाच्या थरावर तरंगत होता. ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली या थराचे गणित मांडले.

थर किती जाड राहील, हे तेलाच्या घट्टपणावर, वेगावर आणि भारावर ठरते. तेलाच्या डब्यावरच्या 5W-30 सारख्या आकड्यांत पहिला भाग थंडीतला आणि दुसरा (इथे 30 ग्रेड) गरम इंजिनातला घट्टपणा सांगतो. 5W उणे 30 अंश सेल्सिअसच्या चाचणीशी निगडित आहे, म्हणून ‘आपल्याकडे एवढी थंडी कुठे?’ असे म्हणून जाड तेल भरण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. मला तो पटत नाही. 40 ग्रेडचे नेहमीचे तेल 100 अंशांपेक्षा 40 अंशांना साधारण सहापट घट्ट असते, म्हणजे मुंबईतल्या सकाळीही सुरुवातीच्या क्षणांत ते सावकाशच पोहोचते. शिवाय 0W-20 साठी घडवलेल्या इंजिनातल्या फटी, तेलपंप आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा त्याच पातळ तेलाचा हिशेब धरून केलेली असते. उलट, 40 ग्रेड सांगितलेल्या इंजिनात 20 ग्रेड भरणेही तितकेच चूक, कारण 150 अंशांच्या चाचणीत 20 ग्रेडला किमान 2.6 मिलिपास्कल-सेकंद (घट्टपणाचे एकक) पुरतो, तर 40 ग्रेडला किमान 3.5 लागतो.

ग्रेड जुळला म्हणजे निवड संपली असे नाही. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुराविषयीच्या बीएस-6 नियमांमुळे डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. तेलातल्या धातुयुक्त रसायनांची राख त्यात साचते आणि काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही, म्हणून तिथे कमी राखेचे तेलच हवे.

तेल बदलताना बोल्टही हाती येतोच, तो म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा ड्रेन प्लग, तेल काढून टाकण्याचे बूच. चेंबर बहुतेकदा ॲल्युमिनियमचे आणि प्लग पोलादी, त्यामुळे जादा जोर लावला की आटे जातात ते चेंबरचे. त्याचा टॉर्क अनेक मोटारींत 30 ते 40 न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो, आणि गळती थांबवण्याचे काम जोराने नव्हे, तर दबून बसणाऱ्या नव्या वॉशरने होते.