‘स्वतःवर प्रेम करा’मागची सरकारी समिती

१ जानेवारीच्या संकल्पांचा सूर गेल्या काही वर्षांत बदलला आहे. वजन, सिगारेट, पहाटेचा गजर ही जुनी यादी अजून आहेच. पण तिच्या वरच्या ओळीत आता स्वतःवर प्रेम करा, स्वतःला माफ करा, आतून समृद्ध व्हा, असं लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभेच्छांत या ओळी बुद्धाच्या प्रसन्न चित्राखाली येतात, त्यामुळे त्या अडीच हजार वर्षांच्या असाव्यात असं वाटतं. त्यांचं आजचं रूप मात्र चाळीसेक वर्षांत घडलं आणि ते घडवण्यात कॅलिफोर्निया राज्याने लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी नेमलेल्या एका समितीचा वाटा फार मोठा आहे. या टिपणाचा भर तिच्यावरच आहे.

संकल्पांचा इतिहास बॅबिलोनपासून सांगायची पद्धत पडली आहे. तिथल्या वसंतातल्या अकितू उत्सवात पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेई, त्याच्या थोबाडीत मारी, आणि आपण कोणकोणते अपराध केले नाहीत ते राजा देवापुढे सांगे. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं की वर्ष चांगलं जाणार. गोष्ट मजेशीर आहे, पण तिच्यातून आजचे संकल्प निघाले म्हणणं ओढूनताणून आहे. जवळचा धागा अठराव्या शतकातल्या प्रोटेस्टंट पंथांचा. १७२२-२३ मध्ये अमेरिकी वसाहतींतल्या एका तरुण धर्मोपदेशकाने स्वतःसाठी ७० नियम लिहून काढले. १७५५ मध्ये लंडनच्या मेथडिस्टांनी देवाला दिलेलं वचन सामूहिकरीत्या पुन्हा उच्चारण्याची उपासना सुरू केली. पुढे ती वर्षारंभाला जोडली गेली. इंग्लंडात कायद्याने वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं तेच १७५२ पासून. या सगळ्यात स्वतःची झडती होती, लाड नव्हते.

आपल्याकडचे दाखले देणाऱ्यांना याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद आठवतो: पती पतीसाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो. पण तिथला आत्मा म्हणजे ‘मी आणि माझी दिवाळी बोनसची खरेदी’ नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पाचव्या शतकात श्रीलंकेत रचल्या गेलेल्या ध्यानावरच्या पाली ग्रंथाचं उदाहरण जास्त बोलकं आहे. मैत्रीभावना, म्हणजे सुख चिंतण्याचं ध्यान, स्वतःपासून सुरू करावी, असं तो सांगतो. आजच्या ध्यानवर्गांत हेच वाक्य उचललेलं असतं. तोच ग्रंथ लगेच म्हणतो, की स्वतःवर शंभर वर्षं मैत्रीभावना केली तरी तेवढ्याने ध्यान साधणार नाही. स्वतःला घ्यायचं ते साक्षीदार म्हणून: मला सुख हवंसं वाटतं, तसं समोरच्यालाही वाटत असणार. हा दुसरा भाग शुभेच्छापत्रांत येत नाही.

आधुनिक मानसशास्त्रात विषय आला १८९० मध्ये, हार्वर्डच्या एका प्राध्यापकाच्या भागाकारातून. आत्मसन्मान म्हणजे मिळालेलं यश भागिले बाळगलेल्या अपेक्षा. १९६५ मध्ये दहा विधानांची एक प्रश्नावली आली आणि आत्मसन्मान मोजता येऊ लागला. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बिग सर इथे, ‘मानवी क्षमता’ फुलवण्याचं एक केंद्र निघालं होतं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एकाने आधी पुदुचेरीच्या अरविंद आश्रमात वर्षभराहून जास्त काळ काढला होता. म्हणजे पौर्वात्य साधना, गटोपचार आणि अमेरिकी आशावाद यांची भेळ तिथे आधीच कालवली गेली होती. सत्तरच्या दशकाला टीकाकारांनी ‘मी-दशक’ म्हणून हिणवलं, तरी तोवर हा सारा खासगी मामला होता. ज्याला परवडेल त्याने करावा.

तो सरकारी झाला १९८६ मध्ये. सॅन होजे परिसरातून निवडून येणारे एक डेमोक्रॅट आमदार या केंद्राच्या विचारांनी भारावलेले होते. कडक कॅथलिक घरातला हुशार मुलगा, शाळेत पहिला, आणि तरी आपण कुणीच नाही या भावनेने पोखरलेला. उपचारांनी ते सावरले आणि आपल्याला जे लागू पडलं ते राज्याला लागू पडेल अशी त्यांची खात्री झाली. १९८४ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनी मतदारांना विनंती केली की आपण छोटे ब्रश घेऊन माझ्या रक्तवाहिन्यांत पोहतो आहोत आणि चरबी घासून काढतो आहोत अशी कल्पना करा. बायपास मात्र करावीच लागली. या किश्शावरून त्यांची टिंगल करणं सोपं आहे, पण हे गृहस्थ विधिमंडळाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते आणि राज्याच्या तिजोरीचे खाचखळगे त्यांच्याइतके थोड्यांनाच माहीत होते.

आत्मसन्मानासाठी राज्याची समिती नेमण्याचं त्यांचं विधेयक सहजासहजी मंजूर झालं नाही. रिपब्लिकन गव्हर्नरांनी ते एकदा नाकारलंही. शेवटी समितीच्या नावात आत्मसन्मानाला ‘वैयक्तिक आणि सामाजिक जबाबदारी’ची जोड दिल्यावर सही झाली. २५ सदस्य, तीन वर्षं, वर्षाला २,४५,००० डॉलर, म्हणजे एकूण ७,३५,०००. राज्याच्या मानाने रक्कम किरकोळ. वर्तमानपत्रांतल्या एका गाजलेल्या व्यंगचित्रमालिकेने १९८७ मध्ये समितीची रेवडी उडवली आणि त्यामुळेच तिचं नाव देशभर झालं. आमदारांचा दावा भव्य होता. गुन्हेगारी, व्यसनं, बालकांचा छळ, शाळेतलं अपयश, अल्पवयीन मातृत्व, सरकारी मदतीवरचं अवलंबन, या साऱ्याच्या मुळाशी स्वतःविषयीचं हीन मत आहे. ते सुधारलं की समाजाला जणू लस टोचली जाईल. आत्मसन्मान असलेली माणसं जास्त कमावतात आणि जास्त कर भरतात, तेव्हा अंदाजपत्रकालाही हातभार लागेल, असंही ते म्हणत.

दाव्याला पुरावा हवा म्हणून राज्याच्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना या सहा प्रश्नांवरचं तोवरचं संशोधन तपासायला सांगितलं गेलं. इथून पुढची हकिगत वादाची आहे. सप्टेंबर १९८८ मध्ये या प्राध्यापकांच्या वतीने एका ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञाने समितीपुढे तोंडी अहवाल दिला. समितीने त्यातला अर्थ जाहीर केला तो असा, की आत्मसन्मान आणि हे प्रश्न यांतले संबंध ‘अतिशय सकारात्मक आणि ठोस’ आढळले. वर्तमानपत्रांचा सूर त्यानंतर बदलला. काल टिंगल करणारे आज अग्रलेख लिहू लागले. त्या बैठकीची ध्वनिफीत राज्याच्या अभिलेखागारात पडून होती. कित्येक वर्षांनी एका ब्रिटिश पत्रकाराने ती शोधून ऐकली आणि २०१७ मध्ये तिच्यातला मजकूर छापला. ठोस संबंध आहेत असं समाजशास्त्रज्ञ बोलले होते ते शाळेतल्या कामगिरीपुरतं. पुढे त्यांनी सांगितलं होतं, की इतर क्षेत्रांत संबंध तितकेसे दिसत नाहीत, आणि जिथे दिसतात तिथे कशामुळे काय होतं हे सांगता येत नाही. हे पुढचं वाक्य गळालं.

ते अनवधानाने गळलं असं म्हणणं अवघड आहे. कारण १९८९ मध्ये प्राध्यापकांचे निबंध पुस्तकरूपाने आले, तेव्हा प्रस्तावनेत याच समाजशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं, की प्रत्येक प्रकरणात दिसणारे संबंध निराशाजनक वाटावेत इतके क्षीण आहेत. पुस्तकाच्या संपादकांत स्वतः आमदारही होते. तरी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल निघाला तो ‘सामाजिक लस’ हा शब्द मिरवत. एका सदस्याने त्यावर सही करायला नकार दिला. गंमत म्हणजे ते कुंडलिनी योगाचे साधक होते, आतल्या वाढीला विरोध करणाऱ्यांतले नव्हेत.

समितीची बाजूही आहे. तिचे समर्थक सांगतात, की संशोधन कच्चं होतं म्हणून कल्पना खोटी ठरत नाही, आणि अहवालातल्या व्याख्येत स्वतःचं मोल ओळखण्याबरोबर स्वतःच्या वागण्याची जबाबदारी घेणं आणि इतरांशी जबाबदारीने वागणं हेही होतं. खरं आहे. पण शाळांत जे पोचलं त्यात हा उत्तरार्ध पातळ झाला. वर्गात आरशापुढे उभं राहून ‘मी खास आहे’ म्हणणं आणि सगळ्यांना बक्षीस देणं यांची लाट नव्वदच्या दशकात अमेरिकेभर पसरली, तिथून ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आली. तापाचा आकडा खाली यावा म्हणून थर्मामीटर बर्फात धरावा, तसा हा उपाय होता.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दोषाची जागा बदलली. मदतीवर जगणाऱ्या आईची अडचण नोकरी, घरभाडं, पाळणाघर यांत शोधण्याऐवजी तिच्या मनात शोधली गेली. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळावा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांनाही स्वाभिमानाचीच हाक होती. पण पाणी अडवणारे कोण, याबद्दल त्या हाकेत संदिग्धता नव्हती. कॅलिफोर्नियाच्या अहवालात पाणी अडवणारा कुणी फारसा दिसत नाही.

विरोधाचा एक आवाज बराच आधीपासून होता आणि तो महाराष्ट्रात चांगला परिचित आहे. न्यूयॉर्कच्या ज्या मानसोपचारतज्ज्ञांची विवेकनिष्ठ पद्धत ठाणे-पुण्यातल्या कार्यशाळांमुळे आणि मराठी पुस्तकांमुळे इथे घराघरांत पोचली, त्यांचं म्हणणं होतं की स्वतःला गुण देणं हाच मुळात रोग आहे, मग ते गुण शून्य असोत की शंभर. वागणं तपासा, माणूस तपासू नका. त्यांचा ‘बिनशर्त आत्मस्वीकार’ आत्मसन्मानाला पर्याय म्हणून होता. शिबिरांच्या पत्रकांवर मात्र दोन्ही शब्द बिनदिक्कत शेजारी छापले जातात.

प्रयोगशाळांकडून उत्तर यायला वेळ लागला. १९९६ मध्ये तीन संशोधकांनी दाखवलं, की हिंसा करणारे बहुधा स्वतःला कमी लेखणारे नसतात. स्वतःविषयी फुगवलेल्या मताला कुणी टाचणी लावली की ते उसळतात. २००३ मध्ये यांच्यापैकी एकाच्या पुढाकाराने मोठा आढावा निघाला. आत्मसन्मानाने शाळेतले गुण वाढत नाहीत. उलट गुण चांगले आले की आत्मसन्मान थोडा वाढतो. फायदे दोनच ठळक दिसले: माणसं जास्त आनंदी असतात आणि पुढाकार घेतात. आढाव्याच्या प्रमुखाने स्वतः पूर्वी आत्मसन्मानाचं समर्थन केलेलं होतं, म्हणून त्याचं वजन पडलं.

त्याच २००३ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन इथल्या एका प्राध्यापिकेने दोन शोधनिबंधांतून स्वतःविषयीची करुणा ही कल्पना मांडली. या बाईंचं डॉक्टरेटचं क्षेत्रकाम म्हैसूरमधलं, नवरा-बायकोच्या हक्क-कर्तव्यांवरचं. करुणेची कल्पना मात्र त्यांना तिथे सापडली नाही, ती बर्कलीत शिकताना एका बौद्ध ध्यानगटात सापडली. तीन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या: स्वतःशी मायेने वागणं, चुकणं-दुखणं हे सगळ्याच माणसांचं असतं याची जाणीव, आणि जे वाटतं आहे ते न वाढवता-न दाबता पाहणं. इतरांपेक्षा सरस असण्याची अट यात नाही. आत्मसन्मानाला हरल्यावर गळती लागते, आणि करुणेची गरज नेमकी तेव्हाच पडते.

वर्षारंभाशी याची गाठ पडली ती संकल्पांच्या संशोधनामुळे. पेनसिल्व्हेनियात ऐंशीच्या दशकात २०० जणांचा माग काढला गेला. आठवडाभर संकल्प पाळणारे ७७ टक्के, दोन वर्षांनी उरले १९ टक्के. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला मोडणंच येतं, आणि मोडल्यावर स्वतःशी कसं बोलायचं हा प्रश्न कळीचा होतो. मनाला ‘सज्जना’ अशी हाक मारून चार गोष्टी सुनावण्याची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण प्रयोगाने ते तपासलं २०१२ मध्ये, बर्कलीत. शब्दांच्या अवघड चाचणीत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना सांगितलं, की ही चाचणी अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितलं, की तुम्ही हुशारच असणार, त्याशिवाय इथे प्रवेश मिळाला नसता. दुसऱ्या चाचणीसाठी पहिल्या गटाने जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला माफ केलं की माणूस आळसावतो, या आक्षेपाला त्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो एका विद्यापीठातला, काही मिनिटांच्या अभ्यासाचा आहे, हे सोबत सांगितलं जात नाही.

करुणेच्या प्रश्नावलीवरही आता वाद आहे. तिच्यात २६ विधानं आहेत आणि त्यातली निम्मी उलट्या बाजूची, म्हणजे स्वतःला टोचून बोलणं, एकटं पडल्यासारखं वाटणं, विचारांत बुडून जाणं. २०१७ पासून काही युरोपीय संशोधक म्हणत आले आहेत, की नैराश्याशी या प्रश्नावलीचा जो घट्ट संबंध दिसतो तो बराचसा या उलट्या विधानांतून येतो. करुणेची विधानं वेगळी काढली की संबंध सैल पडतो. प्राध्यापिकेचं उत्तर असं, की टोचून बोलणं कमी होणं हाही करुणेचाच भाग आहे, दोन्ही एकाच मापात धरायला हवेत. दोन्ही बाजूंचे शोधनिबंध येत आहेत, आणि आठ आठवड्यांचे करुणावर्ग त्याच प्रश्नावलीने आपलं यश मोजत आहेत.