पॅराव्ह्यूमधले काळे चट्टे: नॉर्मल उलटलेत की दोन सरफेस एकमेकांत अडकलेत?

सिम्युलेशनचा रिझल्ट पॅराव्ह्यूमध्ये (असे निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडला आणि सरफेसवर काळे चट्टे दिसले की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, नॉर्मल्सचा फिल्टर लावतात, मग कधी चट्टे जातात आणि कधी ढिम्म हलत नाहीत. कारण वरवर सारखे दिसणारे हे चट्टे दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडतात. एक तर नॉर्मल, म्हणजे सरफेसचा प्रत्येक तुकडा कुठे तोंड करून आहे ते सांगणारे बाण, बिघडलेले असतात, नाहीतर एकाच जागी दोन सरफेस असतात आणि त्यातला पुढचा कोणता हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही, याला झेड-फायटिंग म्हणतात. हे वेगळं ओळखता यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण झेड-फायटिंगमध्ये फक्त चित्र बिघडतं पण नॉर्मल बिघडले तर तुमचे आकडेसुद्धा चुकू शकतात.

आधी नॉर्मल बघू. फेसचे, म्हणजे सरफेसच्या एका लहान तुकड्याचे, पॉइंट ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने उजव्या हाताची बोटं वळवा, अंगठा जिकडे तिकडे त्या फेसचा नॉर्मल. शेजारशेजारच्या दोन त्रिकोणांपैकी एकाचा क्रम उलटा लिहिला गेला असेल तर एकाचा नॉर्मल बाहेर आणि दुसऱ्याचा आत. आता गुळगुळीत शेडिंगसाठी प्रत्येक पॉइंटवर आजूबाजूच्या फेसेसच्या नॉर्मलची सरासरी काढतात, आणि एक बाहेर बघणारा, एक आत बघणारा अशांची सरासरी काढली तर हातात जवळपास शून्य येतं किंवा भलतीकडेच तोंड केलेला बाण येतो, मग तिथे प्रकाशाचा हिशोब चुकतो आणि काळपट डाग पडतो. हा डाग त्या फेसेसना चिकटलेला असतो. कॅमेरा फिरवा, झूम करा, तो गडद किंवा फिका होईल पण जागा सोडणार नाही.

झेड-फायटिंगचा डाग मात्र माऊस जरा हलवला की सरकतो. पट्टे उमटतात, करवतीच्या दातांसारखे त्रिकोण इकडून तिकडे पळतात, झूम केलं की नक्षीच बदलते. हमखास कुठे होतं सांगू? तुम्ही मॉडेल एका प्लेनवर क्लिप केलं, म्हणजे कापून एक बाजू काढून टाकली, त्याच प्लेनवर स्लाइसही, म्हणजे पातळ काप, घेतली आणि पाइपलाइनच्या यादीत दोघांचे डोळे (दाखवा-लपवाचं चिन्ह) उघडे ठेवले, की झालंच. किंवा उष्णतेच्या केसमध्ये फ्लुइड आणि सॉलिड असे दोन रीजन असतात आणि मधली भिंत दोघांकडेही असते, एकाला तापमानाचा रंग दिलाय, दुसरा राखाडी ठेवलाय, मग त्या भिंतीवर दोन्ही रंगांची खिचडी दिसते. दोघांना रंग आणि प्रकाश सारखाच असेल तर भांडण चालू असतं पण दिसत नाही, म्हणून रंग बदलल्यावर अचानक डाग उगवल्यासारखे वाटतात.

दोन सरफेसमध्ये थोडंसं अंतर असलं तरी हे होतं. कोण किती लांब ते ग्राफिक्स कार्ड ज्यात नोंदवतं तो डेप्थ बफर सहसा २४ बिटचा असतो, म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या, पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात, कॅमेऱ्याजवळ दाट आणि लांब विरळ. जवळचा क्लिपिंग प्लेन म्हणजे ज्याच्या अलीकडचं काहीच दाखवलं जात नाही ती पातळी. पायरीची उंची साधारण वस्तूच्या अंतराचा वर्ग भागिले (त्या प्लेनचं अंतर गुणिले पायऱ्यांची संख्या) एवढी येते. जवळचा प्लेन १ सेंटीमीटरवर आणि वस्तू १०० मीटरवर असेल तर एक पायरी जवळपास ६ सेंटीमीटरची, तिथे ५ मिलीमीटरचं इन्सुलेशन वेगळं कसं दिसणार? तोच प्लेन १ मीटरवर नेला की पायरी ०.६ मिलीमीटरवर येते. पॅराव्ह्यू हे प्लेन दिसणाऱ्या सगळ्या वस्तूंच्या आकारावरून स्वतः ठरवतो, त्यामुळे बाहेरचा प्रचंड फारफील्ड डबा (वस्तूभोवतीच्या मोकळ्या जागेची हद्द) उगाच दाखवत असाल तर त्याचा डोळा बंद करा. सरफेस तंतोतंत एकमेकांवर असतील तर मात्र कितीही बिट दिले तरी उपयोग नाही, तिथे एक लपवा किंवा ट्रान्सफॉर्मने किंचित सरकवा.

ओळखायची माझी पद्धत अशी, मटेरियलचं ॲम्बियंट (सगळीकडे सारखा उजेड) १ आणि डिफ्यूज (नॉर्मलवर अवलंबून असलेला उजेड) ० करायचं. प्रकाशाचा हिशोबच गेला, त्यामुळे नॉर्मलचे डाग गायब होतात आणि दोन रंगांचं भांडण असेल तर ते तसंच राहतं. ही फक्त तपासणी आहे हां. असंच सेव्ह करून रिपोर्टमध्ये टाकू नका, चूक आत तशीच राहते.

नॉर्मल दोषी निघाले तर ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज उघडून बॅकफेस रिप्रेझेंटेशन 'कल बॅकफेस' करा, म्हणजे फेसची मागची बाजू दिसणार नाही, बंद सरफेसला बाहेरून बघताना जिथे भोकं पडतील ते फेस उलटे. मग एक्स्ट्रॅक्ट सरफेस, डुप्लिकेट पॉइंट असतील तर क्लीन, आणि त्यानंतर नॉर्मल्सचा फिल्टर. त्यातली कन्सिस्टन्सी शेजाऱ्यांचं एकमत करते पण ते एकमत आतल्या बाजूचंही असू शकतं, बंद सरफेस बाहेर वळवायला ऑटो ओरिएंट लागतं. फीचर अँगल, म्हणजे किती वळणापुढे कड धारदार धरायची तो कोन, मुळात ३० अंश असतो, त्यामुळे १० बाजूंच्या पाइपवर हा फिल्टर काहीच करत नाही असं वाटतं, कारण तिथे प्रत्येक फेस ३६ अंशांनी वळतो, म्हणजे फिल्टरच्या लेखी प्रत्येक कड धारदारच, ४० केलं की पाइप गोल दिसतो.

आता आकड्यांचं. एका सहकाऱ्याने मला पंपाच्या केसिंगचं चित्र दाखवलं होतं, त्यातला काळपट भाग तो कमी दाबाचा समजून बसला होता आणि त्यावर परिच्छेदही लिहून झाला होता. मुळात तिथले फेस उलटे होते. चित्र दुरुस्त झालं, पण बलाचा आकडाही त्याच नॉर्मलना दाबाने गुणून, इंटिग्रेट करून काढलेला होता. समजा १ चौरस मीटरचा तुकडा उलटा आहे आणि तिथे १००० पास्कल दाब आहे, तर १००० न्यूटन मिळवायचे ते वजा होतात, एका तुकड्यात २००० न्यूटनचा फरक. म्हणून बल काढताना मी सेल नॉर्मलच (सरासरी न काढलेला, प्रत्येक फेसचा स्वतःचा नॉर्मल) वापरते आणि आधी बॅकफेस बघून घेते.

डागाऐवजी एक सरळ बारीक रेषा दिसत असेल, कॅमेरा फिरवल्यावर न हलणारी, तर केस किती प्रोसेसरवर चालवली ते आठवा. प्रोसेसरमध्ये वाटताना केसचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांच्या हद्दीवर प्रत्येकाने फक्त आपल्याच फेसेसची सरासरी काढली की अशी शिवण उमटते. ओपनफोममध्ये (सिम्युलेशन चालवणारं सॉफ्टवेअर) केस रीकन्स्ट्रक्ट करून, म्हणजे तुकडे जोडून, परत उघडा, रेषा गेली तर मेशला (सिम्युलेशनच्या जाळीला) हात लावायची गरज नाही.