कॅट्स्किल गेम फार्म

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील, आता बंद झालेले खासगी प्राणिसंग्रहालय. हडसन नदीच्या पश्चिमेस, ग्रीन परगण्यात कॅट्स्किल डोंगरांच्या पायथ्याशी ते १९३३ पासून २००६ पर्यंत चालले. जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या रोलंड लिंडमान यांनी ते सुरू केले. शेवटच्या काळात त्याची सूत्रे त्यांच्या मुलीकडे होती.

सुरुवातीला येथे हरणे, गाढवे आणि मेंढ्या एवढेच प्राणी होते. परदेशी प्राणी १९४० च्या दशकात येऊ लागले. न्यूयॉर्क शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबे तेव्हा उन्हाळ्यात कॅट्स्किलच्या हॉटेलांत आणि बंगल्यांत मुक्कामाला येत. १९३५ मध्ये हडसनवर रिप व्हॅन विंकल पूल झाला आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याचा द्रुतगती मार्ग याच भागातून गेला. त्यामुळे गाडी काढून मुलांना प्राणी दाखवून आणणे सोपे झाले. मुलांना आवडे ते प्राण्यांना हात लावता येणे. बिस्किटे विकत घ्यायची आणि मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना हातावर भरवायची. पाडसांना, करडांना बाटलीने दूध पाजायचे. आज प्राणिसंग्रहालयांत प्रेक्षकांनी प्राण्यांना खाऊ घालण्यावर सहसा बंदी असते. येथे तोच मुख्य कार्यक्रम होता.

पण फार्मचे खरे महत्त्व प्रेक्षकांना फारशा न दिसणाऱ्या मागच्या कुरणांत होते. लिंडमान यांचा ओढा खुरवाल्या प्राण्यांकडे होता आणि त्यांच्या पैदाशीसाठी लागणारी ऐसपैस जमीन त्यांच्यापाशी होती. १९५८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने फार्मला प्राणिसंग्रहालय म्हणून मान्यता दिली. हा निव्वळ मानाचा तुरा नव्हता. लाळ्या-खुरकुताच्या साथीच्या भीतीने परदेशी रवंथ करणाऱ्या रानटी जनावरांच्या आयातीवर अमेरिकेत कडक निर्बंध होते. बाधित देशांतून आलेले असे जनावर विलगीकरणानंतरही केवळ मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयातच ठेवता येई; पिल्ले मात्र अन्यत्र पाठवता येत. म्हणजे ज्याच्याकडे मान्यता आणि जागा दोन्ही आहेत, तो पैदास करून इतरांना पुरवठा करू शकत होता.

प्रझेवाल्स्की घोड्यांचा कळप हे या कामाचे सर्वांत मोलाचे फलित म्हणावे लागेल. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मध्य आशियातील या रानघोड्याचे जेमतेम ३१ नग बंदिवासात उरले होते आणि नियमित वीण होत होती ती मुख्यतः म्यूनिक व प्राग येथे. मंगोलियातील रानातूनही तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिसेनासा झाला. म्यूनिकच्या वंशातील घोडे १९५० च्या दशकात कॅट्स्किलला आले, तेथे चांगले वाढले आणि त्यांची संतती अन्य प्राणिसंग्रहालयांत गेली. इतक्या थोड्या पूर्वजांवर उभी असलेली जात एकाच ठिकाणी सांभाळणे म्हणजे एखाद्या साथीत ती कायमची गमावण्याचा धोका पत्करणे. त्यामुळे अटलांटिकच्या पलीकडे दुसरा कळप असणे फार उपयोगी ठरले. १९९२ पासून मंगोलियात हे घोडे पुन्हा मोकळे सोडण्यास आरंभ झाला. त्याचे श्रेय अनेक देशांतील संस्थांचे आहे, पण त्या साखळीत या कौटुंबिक फार्मचाही दुवा आहे.

उतरती कळा अनेक वाटांनी आली. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर कॅट्स्किलचे पर्यटन ओसरले आणि मोठमोठी हॉटेले बंद पडली. प्रेक्षक घटले, खर्च वाढला, प्राणी पाळण्याचे नियम कडक झाले. सार्वजनिक प्राणिसंग्रहालयाला अशा वेळी नगरपालिकेचा किंवा देणगीदारांचा टेकू मिळतो. येथे तोटा घरच्यांनाच सोसायचा होता. ऑक्टोबर २००६ मध्ये दरवाजे कायमचे बंद झाले.

त्यानंतरच्या लिलावामुळे मात्र फार्मचे नाव वादात सापडले. त्याच महिन्यात दोन दिवस पिंजरे, पाट्या, यंत्रसामग्री यांच्याबरोबर प्राण्यांवरही बोली लागली. कुंपणात कोंडलेल्या जनावरांची पैसे घेऊन शिकार करू देणारी कुरणे अमेरिकेत आहेत. काही प्राणी तिकडे जातील, अशी भीती प्राणिहितवादी संघटनांनी व्यक्त केली. काही आश्रयगृहांनी स्वतः बोली लावून प्राणी सोडवले. कायद्याच्या दृष्टीने प्राणी ही मालकाची मालमत्ता होती आणि ती विकण्यात गैर काही नव्हते. तरीही पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातून खायची सवय लावलेली जनावरे जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला देऊन टाकणे अनेकांना रुचले नाही, आणि तो आक्षेप रास्त होता.

पुढे जमीन नव्या मालकांकडे गेली. जिराफांच्या जुन्या इमारतीचे त्यांनी छोटेखानी अतिथिगृह केले.