सिग्नलला ‘डी’ की ‘एन’?

वर्षानुवर्षं मॅन्युअल गाडी चालवलेला माणूस ऑटोमॅटिकमध्ये बसला, की लाल दिवा दिसताच त्याचा हात लिव्हर ‘डी’मधून (ड्राइव्ह, म्हणजे गाडी गिअरमध्ये) ‘एन’ला (न्यूट्रल) न्यायला पुढे होतो. ‘डी’मध्ये नुसता ब्रेक दाबून उभं राहिलं तर गिअरबॉक्स आतल्या आत झिजेल, ही धास्ती. चढावर अर्धा क्लच दाबून प्लेट जाळलेली असेल तर ती साहजिकच आहे. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत, म्हणजे ब्रेझा-अर्टिगाच्या 6 गिअरच्या ऑटोमॅटिकसारख्या गाडीत, झीज होते ती ‘एन’मधून ‘डी’त येताना.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेलं बंद भांडं. त्यातला इंपेलर इंजिनाबरोबर फिरतो आणि समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर तेल फेकतो. टर्बाइनच्या पुढे गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा. ‘डी’मध्ये गाडी उभी असताना पहिल्या गिअरच्या प्लेटा घट्ट आवळलेल्या असतात, त्या एकमेकींवर घासतच नाहीत. चाकं थांबली म्हणून टर्बाइनही थांबलेला असतो. घुसळलं जातं ते फक्त तेल.

‘एन’ टाकला की प्लेटा सुटतात आणि मोकळा झालेला टर्बाइन तेलाबरोबर मिनिटाला सातेकशे फेऱ्यांनी फिरू लागतो. हिरवा दिवा लागला, लिव्हर ‘डी’त आला. आता तेलाचा दाब पिस्टन पुढे ढकलतो, प्लेटा एकमेकींना भिडतात आणि तो फिरता टर्बाइन त्यांना घासून थांबवावा लागतो. गाडीला बसणारा हलका हिसका तो हाच. प्लेटा तेलात बुडालेल्या असतात आणि असे हिसके पुष्कळ सोसतात. पण रोज तीस-चाळीस सिग्नलांना विनाकारण ते कशाला द्यायचे? त्यात घाईने, प्लेटा बसायच्या आत अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर घर्षण कैक पटींनी वाढतं. अशाने तेल काळपट होतं, त्याला जळका वास येतो.

घुसळल्याने तेल तापत नाही का? तापतं, पण किती ते पाहू. आयडलला, म्हणजे मिनिटाला त्याच सातेकशे फेऱ्यांना, इंजिनावर 20 न्यूटन-मीटरचा भार धरला, तर सुमारे दीड किलोवॉट उष्णता होते, म्हणजे बादलीत बुडवायच्या हीटरच्या रॉडएवढी. गिअरबॉक्समध्ये 6 लिटर तेल असेल आणि ते थंड करायची काहीच सोय नसेल, तरी मिनिटाला आठ-नऊ अंशच चढतील. प्रत्यक्षात तेल कूलरमधून फिरत असतं आणि धातूची पेटीही उष्णता शोषते. दीड-दोन मिनिटांच्या सिग्नलला ‘डी’च ठेवा.

रेल्वेचं फाटक, घाटातला ठप्प झालेला ट्रॅफिक, अशा ठिकाणी मात्र ‘एन’ योग्य. इंजिनावरचा भार उतरतो, थोडं इंधन वाचतं, मुख्य म्हणजे पायाला विश्रांती मिळते. काही गाड्या उभ्या असताना ‘डी’मध्येच पहिल्या गिअरच्या क्लच प्लेटा आपणहून सैल करतात, तिथे इंधनाचा फायदाही उरत नाही. क्रम असा: ब्रेक, ‘एन’, हँडब्रेक. निघताना ब्रेक दाबूनच ‘डी’, हिसका जाणवेपर्यंत सेकंदभर थांबायचं, मग हँडब्रेक सोडायचा. हिसका यायला दोन-तीन सेकंद लागू लागले, तर तेल कमी झालंय किंवा आतली सीलं गळताहेत, गॅरेजला दाखवा.

सिग्नलला ‘पी’ तर नकोच. मागून कोणी ठोकलं तर सगळा धक्का पार्किंगच्या खटक्यावर येतो.

एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक) यांचं गणित वेगळं, कारण तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टरऐवजी क्लच आहे. ब्रेक नीट दाबला की तो ‘डी’मध्येही सुटलेला असतो, म्हणून छोट्या सिग्नलला ‘एन’ची गरज नाही. त्याला मारतो तो अर्धवट ब्रेक: पुढची गाडी फूटभर सरकली की आपणही फूटभर सरकायचं. त्या प्रत्येक फुटाला प्लेट घसरते, आणि कोरड्या क्लचच्या गाडीत ती उष्णता वाहून न्यायला तेलही नसतं. पुढे दोन गाड्यांएवढी जागा झाल्यावरच ब्रेक सोडा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरू नका. डॅशबोर्डवर क्लच तापल्याची सूचना येते ती बहुधा तिथेच.