जुने सिमेंट पत्रे उतरवण्याआधी हे वाचा

कवेलू काढून ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी घरावर, कोठ्यावर सिमेंटचे पत्रे टाकले, ते आता पत्रे बदलायला निघाले आहेत. कुठे वानरांनी उड्या मारून फोडले, कुठे गारपिटीत तडे गेले. या जुन्या पत्र्यांत सिमेंटसोबत साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस असतो, म्हणजे दगडातून निघणारा बारीक तंतू. पत्रा अखंड असेल तर घाबरून उतरवू नका. टिनापेक्षा तो उन्हाळ्यात बरा, हेही खरं. धोका धुळीत आहे. ती निघते कापताना, फोडताना, आणि चुना मारण्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना.

‘मग गावात आजवर कोणाला काही का झालं नाही?’ हे पत्रे उतरवण्याचं काम करणाऱ्या आम्हाला हमखास विचारलं जातं. तंतू छातीत गेल्यापासून मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, उघडकीस यायला बहुधा ३० ते ४० वर्षं लागतात. ब्रिटनमध्ये या रोगाने १९६८ साली १५३ मृत्यू नोंदले गेले. तिथे ॲस्बेस्टॉसचा सर्वांत जास्त वापर १९६० आणि १९७० च्या दशकांत झाला. निळ्या आणि तपकिरी प्रकारावर १९८५ मध्ये, पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. तरी आकडा चढतच गेला आणि २०१० नंतरच्या दशकात वर्षाला सुमारे २,५०० वर पोहोचला. आता कुठे तो उतरू लागला आहे. मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक ७५ च्या पुढचे आहेत. धूळ गेली ती तरुणपणी.

आपल्याकडे १९८६ पासून नव्या खाणींना परवाने मिळणं थांबलं, पण आयात चालू राहिली. वापर २००० नंतर वाढला आणि वर्षाला ३ लाख टनांच्या वर गेला. तो बहुतेक पत्र्यांतच. त्याचा हिशेब पुढच्या दशकांत लागायचा आहे. शिवाय कर्करोग नोंदणी देशाच्या जेमतेम दहाव्या हिश्शापर्यंत पोहोचते, मेसोथेलिओमा ओळखायला बायोप्सी (रोगट भागाचा तुकडा काढून तपासणी) लागते, आणि छातीत पाणी झालं की आधी टीबीचाच संशय येतो. तेव्हा कमी आकड्यावर विसंबू नका. विडीचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. पण धूळ आणि विडी दोन्ही असतील तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

उतरवताना पहिला नियम: पत्रा ओला करा. स्वच्छ धुतलेल्या फवारणी पंपात पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड सोप टाका, म्हणजे पाणी आत मुरतं. नुसतं पाणी ओघळून जातं. भिजलेला पत्रा निसरडा असतो आणि जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, म्हणून त्यावर पाय ठेवू नका. आडव्या अँगलवर टेकलेली रुंद फळी वापरा. आधी मोभाचे तुकडे, मग वरची ओळ, शेवटी वळचणीची. गंजलेला जे-बोल्ट (पत्रा अँगलला धरणारा वाकडा बोल्ट) हातोडीने ठोकला की भोकापासून पत्रा फुटतो. बोल्टाचा आकडा खालून हॅक्सॉने कापा; ग्राइंडर पत्र्याजवळही नको. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या पुढे भरतो. दोघांनी धरून दोराने उतरवा, वरून फेकू नका.

तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकंही पिशवीत बांधा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झालेला आहे.

सर्वांत जास्त चूक नंतर होते. तुकडे कोठ्यापुढच्या चिखलात भरतात, ट्रॅक्टर त्यावरून जातो आणि धूळ वर्षानुवर्षं निघत राहते. चुलीला आडोसाही करू नका, तापला की पत्रा फुटून उडतो. पत्रे २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहून ठेवा. हा घातक कचरा आहे. विदर्भात त्याची सोय बुटीबोरीला आहे. नेण्याचा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो.

आम्ही येण्याच्या आदल्या दिवशी जनावरं दुसरीकडे बांधा, कुटार आणि धान्य हलवा, विहीर झाका. लेकरांना त्या दिवशी नातेवाइकांकडे ठेवा.